डाव्या गालातलं इंग्रजी

इंग्रजी कसं शिकलो ते सांगतो म्हटल्यावर तुमी आता मांडी घालून बसला असाल. तुमाला वाटत असंल, हा सांगणार की कंदिलाच्या उजेडात, अर्ध्या पोटी, तीन कोस अनवाणी चालून, फाटक्या पुस्तकातून शिकलो. तसं काय न्हाय. कंदील घरात व्हता, पण त्याच्याजवळ बसून आई डाळ निवडायची, मला फिरकू द्यायची न्हाय. भाकरी पोटभर मिळायची. शाळा चार घरं सोडून व्हती, अनवाणी चालून चालून माणूस चालणार किती? आणि पुस्तक फाटायचा प्रश्नच नव्हता. म्या ते उघडलंच न्हाय तर फाटंल कसं?

रडायची तयारी करून आला असाल तर उठा. मी इंग्रजी एका माणसाच्या तोंडातून शिकलो. अगदी नेमकं सांगायचं तर त्याच्या डाव्या गालातून.

त्यांना सगळं गाव मास्तरसाब म्हणायचं. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. काळी शेरवानी, कोपरावर घासून चकचकीत झालेली, आणि डाव्या गालात कायम एक लवंग. खोकल्याला बरी म्हणायचे. खोकला काय गेला न्हाय, पण लवंगेमुळं त्यांचं इंग्रजी गालातून वळसा घेऊन बाहेर यायचं. आमी पोरांनी इंग्रजी पयल्यांदा ऐकलं ते तसंच. आमाला वाटलं, गोऱ्या साहेबाची भाषा, तिची रीतच असंल अशी. म्हणून सगळा वर्ग डावा गाल फुगवून इंग्रजी बोलायचा. 'गो, वेंट, गॉन' म्हणताना मास्तरसाब वेंटच्या आधी दोनदा खोकायचे, तर आमीही दोनदा खोकायचो. पाठ करायचं तर सगळंच करावं.

व्याकरण उर्दूतनं. नाउन म्हणजे इस्म, व्हर्ब म्हणजे फेल, प्रोनाउन म्हणजे जमीर. वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची, त्यांना उर्दू म्हणजे कचेरीच्या जुन्या पाटीवरची नक्षी. पण मास्तरसाब समजावायचेच तसं. म्हणायचे, "डिड हा घरातला मोठा माणूस. त्यानं शेरवानी घातली की दुसऱ्यानं उतरून ठेवायची. एका वाक्यात दोन शेरवान्या नै चलते." झालं. 'डिड गो' का आणि 'डिड वेंट' का न्हाय, ते पोरांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

आणि शनिवारी बैतबाजी. उर्दूवाले शेरांची बैतबाजी करतात, एकानं शेर म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरनं दुसऱ्यानं. मास्तरसाबांनी ती इंग्रजी शब्दांची केली. खिडकीकडची पोरं एका बाजूला, भिंतीकडची दुसऱ्या. एकदा आलेला शब्द परत न्हाय, अर्थ सांगता आला न्हाय तर शब्द बाद. ह्या बैतबाजीपायी आमी येडे झालो व्हतो. शब्द कुठनं कुठनं जमवायचो म्हणून सांगू! सिमेंटच्या पोत्यावरनं, औषधाच्या बाटलीवरनं, शिवणयंत्राच्या पाटीवरनं, एसटीच्या आतल्या सूचनांवरनं. आमच्या खिडकीकडच्या टोळीनं एक डाव शोधला. वायनं संपणारे शब्द गोळा करायचे. वायनं सुरू होणारे शब्द मोजके असतात, तीन-चार वेळा समोरच्याच्या गळ्यात वाय घातला की गडी गुदमरतो. त्या शब्दांची वही मी शर्टाच्या आत ठेवायचो. आईला वाटायचं, पोरगं अभ्यासू झालं.

नकलांचा नाद मला आधीपासनंच. कंडक्टर, तहसीलचा शिपाई, मशिदीपुढचा अत्तरवाला, आमचे वडील, कुणाला सोडला न्हाय. पण एक खरं सांगतो, मास्तरसाबांची मी नक्कल करायचो न्हाय. मला इंग्रजी दुसऱ्या आवाजात यायचंच न्हाय. तोंड उघडलं की गाल आपोआप फुगायचा.

मंग हैदराबाद स्टेट मोडलं आणि आमी मुंबई राज्यात गेलो. गाव जागचं हललं न्हाय, येरमाळ्याची गाडी पयल्यासारखीच उशिरा यायची, पण कागदावर आमी मुंबईत. वरनं हुकूम आला, शिकवायचं ते मराठीतनं, आणि नोकरी टिकवायची तर मराठीची परीक्षा पास व्हायची. मास्तरसाब मराठी आमच्यासारखंच फाडफाड बोलायचे. भूमच्या बाजारात मेथीच्या जुडीवरनं माळणीशी वाद घालायचे आणि जिंकायचे. पण लिहायला बसले की हात उजवीकडनं सुरू व्हायचा. एकदा परीक्षेला बसले आणि नापास झाले.

आमचे वडील शिंपी. मास्तरसाबांच्या शेरवानीला ठिगळ लावणारे तेच, त्यामुळं दोघांचं जुनं. नापास झाल्यावर मास्तरसाब रविवारी दुपारी दुकानात यायला लागले. मी शुद्धलेखन सांगायचो आणि ते लिहायचे. सगळं जगच उलटं चालायला लागलं! चुकले की मी त्यांच्याच शब्दांत ओरडायचो, "अबे, अक्कल घर में रख के आया क्या?" एकदा वडलांनी कापडाच्या गजानं माझ्या पाठीवर एक ठेवून दिला. मास्तरसाब हसले, "मारो मत उसको. बराबर बोल्या. वेलांटी ह्या बाजूला पायजे व्हती."

त्याच दुकानात एका रविवारी ते वडलांना म्हणाले, "भाऊ, बहुतेक सोनारीच्या बाजूला टाकतील मला. लहान पोरांच्या शाळेत."

वडलांनी मशीन थांबवलं. "आणि भाभी?"

मास्तरसाबांच्या बायकोला दिसत नव्हतं. आमी तिला चाची म्हणायचो. पंधरा वर्षांत आमच्या गल्लीतली एकेक पायरी, एकेक नाली तिच्या पायांना पाठ झाली व्हती. काठी न घेता विहिरीपर्यंत जायची, वाटेत मला नुसत्या पावलावरनं ओळखून हाक मारायची. नव्या गावात ती पाय कुठं टाकणार?

हे सगळं अडलं व्हतं शाळा तपासणाऱ्या साहेबाच्या एका शेऱ्यावर. दिवाळीनंतर शाळेत नवे सर आले व्हते, पुण्याकडचे, पदवीवाले, मराठीतनं इंग्रजी शिकवणारे. हेडमास्तरांनी ठरवलं, तपासणीला उस्मानाबादहून साहेब येईल तेव्हा आमच्या वर्गावर नवे सर दिसले पायजेत. साहेबानं बरा शेरा दिला की इंग्रजी कायमचं त्यांच्याकडं. मास्तरसाबांना पाचवीच्या पोरांकडनं गणितं करून घ्यायला बसवलं.

नवे सर वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वय किती, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. नाकाला खडू लागलेला असायचा आणि प्रत्येक गोष्ट "म्हणजे कसंय बरं का" अशी सुरू करायचे. त्यांनी आमाला नाम, सर्वनाम, क्रियापद शिकवायला घेतलं. पण हेडमास्तरांनी त्यांना शिकवू दिलं तर ना! तपासणीसाठी प्रश्नोत्तरं बसवायची म्हणाले. तीस पोरं, तीस प्रश्न. दारापाशी पयल्या बाकावरच्याला, तुझं नाव काय. दुसऱ्याला, तुझ्या गावात काय काय हाय. असं करत करत शेवटच्या बाकावर पोचायचं. तिथं प्रश्न व्हता, विहिरीला लांब दोर का लागतो? उत्तर, बिकॉज द वेल इज डीप. ते आमच्या गावच्या पाटलाच्या पोराला दिलं व्हतं. भला दांडगा, साधा गडी. आठ दिवस तो जेवताना, म्हशी धुताना तेवढंच म्हणत व्हता.

तपासणीच्या दिवशी शाळा शेणानं सारवली, दाराला आंब्याचे डहाळे. साहेब आला. पोट मोठं, चाल हळू. हेडमास्तर मागनं, हात पोटावर बांधून. साहेब दारातनं आत आला, सगळ्या वर्गावर नजर टाकली आणि तडक मागं चालत गेला. शेवटच्या बाकापाशी थांबला. दारापासनं सुरू करायचं सोडून गड्यानं मागनं सुरुवात केली!

पाटलाच्या पोराकडं बघून म्हणाला, "व्हॉट इज युवर नेम?"

पाटलाचं पोरगं ताडकन उभं. छाती पुढं, गाल फुगवलेला.

"बिकॉज द वेल इज डीप, सर!"

साहेबाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. पोरानं परत तेच सांगितलं, आता जरा दरडावून. साहेब पुढच्याकडं वळला, "व्हेअर डू यू लिव्ह?" तर तो म्हणाला, "टू बुलक्स अँड वन काऊ." पोरं तोंड दाबून हसायला लागली. नव्या सरांचा हात फळ्यावर तसाच राहिला. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू.

साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हेडमास्तर, या वर्गाला इंग्रजी कोण शिकवतं?"

आणि तिथं हेडमास्तरांनी ते वाक्य टाकलं. हळू आवाजात, पण मी शेवटून दुसऱ्या बाकावर व्हतो.

"हे सर नवे आहेत साहेब. आधी ते उर्दूवाले होते. त्यांनी पायाच कच्चा ठेवला. तेव्हा त्यांचं आता..."

पुढचं मला ऐकू आलं न्हाय. माझ्या डोळ्यापुढं चाची आली, नव्या गावात दाराच्या चौकटीला धरून उभी. मी उठलो. हात वर केला न्हाय, परवानगी मागितली न्हाय.

म्हटलं, "साहेब, पाया कच्चा न्हाय. कुणालाही काय पण इचारा."

"खाली बस!" हेडमास्तर म्हणाले.

"बसत न्हाय."

हे दोन शब्द मी आयुष्यात पयल्यांदा कुण्या मोठ्या माणसाला बोललो.

साहेबानं हेडमास्तरांना हातानं थांबवलं. मला म्हणाला, "बरं. काल संध्याकाळी कुठं गेला होतास, इंग्रजीत सांग."

म्या तोंड उघडलं आणि मास्तरसाब बाहेर पडले. गाल, खोकला, मान हलवणं, सगळे. काल वडलांसंगं कापड घ्यायला बाजारात गेलो, वडलांनी भाव केला, दुकानदार हरून आत गेला, अशी पाच-सहा वाक्यं धडाधडा बोललो. मागनं एका पोरानं गर्दान, म्हणजे क्रियापदांची घोकणी, धरली, 'गो, वेंट, गॉन', आणि सगळा वर्ग डोलायला लागला. वेंटच्या आधी तीस पोरं एका दमात दोनदा खोकली. साहेब दचकून मागं सरकला.

"काय साथ आली की काय शाळेत?"

"न्हाय साहेब, पाठ आलंय," म्या म्हटलं. "तुमी एक शब्द बोला. शेवटच्या अक्षरावरनं आमी बोलतो. मंग तुमी. आमी हरलो तर पाया कच्चा."

हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला व्हता. पण साहेबाला गंमत वाटली. बाकाच्या टोकावर टेकला आणि म्हणाला, "टेबल."

"एलिफंट!" खिडकीकडनं आवाज.

"ट्रेन."

"नेव्ही!" हे माझं.

"येस."

"सेक्रेटरी!"

"यलो."

"वेल्दी!"

साहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "यंग."

"जिऑग्राफी!"

"यू," साहेब जरा थांबून म्हणाला, आणि स्वतःवरच खूश झाला.

"युनिव्हर्सिटी!" पाटलाचं पोरगं गरजलं. त्याला तो शब्द कधीपासनं बोलायचा व्हता. साहेबानं त्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, "जिथं आमच्यातलं कुणी जाणार न्हाय ती शाळा." साहेबानं अर्थ मान्य केला. मंग छताकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, बोटं मोडली. वाय काय सापडंना. पोट हलवत हसायला लागला.

"कुणी शिकवलं रे हे?"

"मास्तरसाबांनी!" भिंतीकडची पोरंसुद्धा ओरडली.

"बोलवा त्यांना."

इथंच थांबलो असतो तर मी गावातला शहाणा पोरगा ठरलो असतो. पण शिपाई बोलवायला गेला आणि साहेबानं मला विचारलं, "तू त्यांचीच नक्कल करत होतास ना? आणखी कुणाची येते?"

आता तुमीच सांगा, नकलाकाराला असं विचारतात का? माझ्या पुढ्यात साहेब बसलेला, वर्ग हसायला टपलेला. म्या खडू उचलला. नाकाला लावला. "म्हणजे कसंय बरं का," असं म्हणून नव्या सरांसारखा टाचा उचलून उभा राहिलो, फळ्यावर एक शब्द लिहिला, दोनदा पुसला, घाम टिपला आणि पाटलाच्या पोराकडं बोट करून काकुळतीला येऊन म्हटलं, "अरे, विहीर किती खोल आहे ते सांग रे बाबा!"

वर्ग आडवा झाला. साहेब डोळे पुसायला लागला. हेडमास्तरसुद्धा हसले, साहेब हसतोय म्हणून. नवे सरही हसले. मंग हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला, हळू, फुटू नये असा, आणि खिडकीतनं बाहेर बघत राहिले.

मी वळलो तर दारात मास्तरसाब उभे. कधी आले, कुणास ठाऊक.

साहेब त्यांच्याशी पाच-दहा मिनिटं बोलला. काय बोलला ते आमाला ऐकू दिलं न्हाय. पण शेरा दुपारपर्यंत शिपायाच्या तोंडून सगळ्या गावाला पाठ झाला. वर्ष संपेपर्यंत इंग्रजी मास्तरसाबांकडंच ठेवावं. तोवर त्यांनी मराठीची परीक्षा द्यावी. नव्या सरांनी त्यांचा तास बघत बसावं.

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात मास्तरसाबांपुढं उभा राहिलो. कशासाठी, तर शाबासकी घ्यायला. खोटं कशाला बोलू, मान थोडी तिरपीच केली व्हती, हात डोक्यावर ठेवायला सोपं जावं म्हणून. त्यांनी कान धरला.

"डिड वेंट बोल्या तू!"

"कुठं?"

"दुकानदाराच्या वाक्यात. मी पाचवीच्या वर्गातनं ऐकलं. माझा आवाज लावून डिड वेंट! चूक करायची तर आपल्या आवाजात कर ना. माझ्या तोंडात कैकू घालतो?"

"घाईत झालं, मास्तरसाब. पण नोकरी तर वाचली का न्हाय?"

"वाचली. वर्षाची. चाचीला मी सांगून आलो, रडली ती. तुला दुवा दिली. ती तिची गोष्ट. आता माझी ऐक." कान सोडला, पण आवाज चढला. "त्या नव्या पोरानं तुझं काय बिघडवलं व्हतं? दोनशे मैलावरनं आला. गावात त्याला कुणी खोली देईना, देवळामागं झोपतो. खानावळीतली ज्वारीची भाकरी त्याला पचत न्हाय. प्रश्न त्यानं नाय बसवले, त्याच्याकडनं बसवून घेतले. तुला हेडमास्तरांचा राग व्हता ना? मंग त्यांची नक्कल का न्हाय केली?"

मी बाकाची कड नखानं कोरायला लागलो.

"बोल की. जीभ लई चालत व्हती."

"त्यांची केली असती तर नाव काढून टाकलं असतं."

"हां. म्हणजे डर व्हता. जो मारू शकत न्हाय, त्यालाच मारलं."

"मास्तरसाब, साहेबच म्हणला करून दाखव. आणि तुमच्यासाठीच उठलो मी. कुणी उठलं व्हतं का दुसरं? हेडमास्तर बस म्हणले तरी बसलो न्हाय. ते चांगलंच केलं, आजन्म चांगलंच म्हणीन."

"ते चांगलं केलं. मी नै कुठं म्हणतो? उठलास ते माझ्यासाठी. खडू नाकाला लावलास तो कुणासाठी?"

ह्या गोष्टीला सात-आठ वर्षं होऊन गेली, तरी ह्याचं उत्तर मी शोधतोय. उठलो ते बरोबरच, ह्यावरनं मला कुणी हलवू शकत न्हाय. पण तेव्हा माझं तोंड हुकूम न विचारता चालायचं. म्या म्हटलं, "पण लई हुबेहूब झाली व्हती का न्हाय?"

लवंग गालातनं बाहेर पडायची तेवढी राहिली. "निकल! निकल इथनं! उद्यापासनं पंधरा दिवस, शाळा सुटल्यावर, त्या सरांच्या टेबलाशेजारी उभं राहायचं. तोंड बंद. ते शिकवतील ते लिहायचं. नाम लिही, क्रियापद लिही, ते जे सांगतील ते मराठीत लिही. एक दिवस हसलास तर वडलांना सांगीन, त्यांचा गज तयारच हाय. आणि आत्ता देवळामागं जाऊन त्याला आमच्या घरी जेवायला घेऊन ये. म्हणावं, चाचीनं भात टाकलाय. माफी माग पहले. दात काय काढतो? तुझ्या चेहऱ्याला शरम नावाची चीजच न्हाय का रे?"